शिष्य उठला की मुकी होणारी स्क्रिप्ट

एकदा एका धरणाच्या कार्यालयात एक शिष्य हवालदिल होऊन बसला होता. पाणी सोडण्याआधी नदीकाठच्या अकरा गावांना फोनवर इशारा धाडणारी संगणकाची छोटी आज्ञावली, म्हणजे स्क्रिप्ट, त्याने लिहिली होती. चार वाजता दरवाजे उघडणार होते आणि पात्रात माणसे, गुरे होती.

त्याच्या विंडोजच्या लॅपटॉपवर स्क्रिप्ट सुरळीत चाले. कार्यालयातल्या लिनक्स सर्व्हरवरही तो स्वतः बसला की चाले. मात्र त्याची पाठ फिरली आणि सर्व्हरने ती आपणहून चालवली, की एकही इशारा जात नसे. मांत्रिकाला बोलवायचेच काय ते बाकी होते! अखेर त्याने आपल्या गुरूंना, तीस वर्षे संगणकांची नाडी पाहणाऱ्या आप्पांना गाठले.

"आप्पा, मी समोर असलो की बोलते, उठलो की मुकी होते. या खोलीत काहीतरी आहे हो."

दोष शोधण्याऐवजी आप्पांनी स्क्रिप्टमध्ये एकच ओळ घातली: तुला आत्ता जे ठाऊक आहे, ते सगळे लिहून ठेव. मग सर्व्हरला ती पाच मिनिटांनी आपणहून चालवायला लावून, शिष्याला बाहेर नेऊन दार लोटून घेतले. दहा मिनिटांनी दोघे परतले, तेव्हा पडद्यावर उत्तर आलेले होते.

नाव: कोणीही नाही. घर: अस्तित्वात नाही.

गावांच्या फोन क्रमांकांची यादी कुठे ठेवली आहे, ही नोंद तर त्यात नव्हतीच. "हे कोण बोलतंय?" शिष्याने विचारले.

"तुझीच स्क्रिप्ट," आप्पा म्हणाले. "अरे, तिला स्वतःची स्मृती नसते. जो हाक मारतो, त्याच्याकडच्या खुणा तिला मिळतात. यादी कुठे आहे, हे तू लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये लिहिलंस, इथे आपल्या खात्यात लिहिलंस आणि विसरून गेलास. तू बोलावलंस की ती तुझ्या खुणांवर चालते. सर्व्हर तिला अनामिक खात्यातून बोलावतो. ज्याला नाव नाही, घर नाही, त्याच्यापाशी अकरा गावं कुठून असणार? भूत नाही रे तिथे. तू नाहीस, एवढंच."

शिष्याने यादीचा पत्ता सर्व्हरच्याच सेटिंगमध्ये लिहिला आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. स्क्रिप्ट चालवून पाहायला त्याचा हात पुढे गेला, तसा आप्पांनी तो धरला.

"आता ऊठ. तू बसलास तर पुन्हा तुझीच परीक्षा होईल."

दोघे काचेबाहेर उभे राहिले. इशाऱ्याच्या ठरल्या वेळी, साडेतीनला, रिकाम्या खुर्चीसमोर पडदा उजळला आणि इशारा गेलेल्या एकेका गावाचे नाव उमटू लागले. अकरावे उमटले तेव्हा शिष्याला हायसे वाटले, आणि आत कुणीच नाही हे पाहून किंचित भयही वाटले. खाली पात्रातली माणसे गुरे हाकत काठाकडे निघाली होती.

आपण उठून गेल्यावरही जे चालते, तेवढेच काम आपण पुरे केलेले असते.