देवीच्या खांद्यावरची रेघ

एकदा एका देवीच्या खांद्यावर एक रेघ उमटली, आणि साऱ्या पंचक्रोशीत ती एकाच माणसाला ठाऊक होती. तो माणूस म्हणजे त्या देवळाचा पुजारी, भैरू गुरव. खरे तर त्यालाही ती दिसलेली नव्हती, ती त्याच्या बोटांना लागली होती. चाळीस वर्षे रोज सकाळी मूर्तीवरच्या पातळ वस्त्राखाली हात घालून त्याने देवीला स्नान घातले होते, आणि त्या काळ्या पाषाणाचा उंचसखलपणा त्याच्या हातांना पाठ झाला होता. एका सकाळी डाव्या खांद्यावरून हात फिरवताना केसाएवढे काहीतरी आडवे आले. त्याने पुन्हा हात फिरवला. पुन्हा तेच.

भैरूने विश्वस्तांना सांगितले. विश्वस्त काही वाईट माणसे नव्हती, पण त्यांची घाई वेगळी होती. एका भक्ताने देवीला चांदीचा साज अर्पण केला होता, चांगला बावीस किलोचा. घटस्थापनेच्या दिवशी तो मूर्तीच्या खांद्यांवर चढायचा होता. पत्रिका छापून झाल्या होत्या, आणि छापलेल्या पत्रिकेपुढे भल्याभल्यांची बुद्धी चालत नाही. तरीही त्यांनी पुण्याच्या एका मूर्तितज्ज्ञांना फोन केला. तज्ज्ञ म्हणाले, "स्वच्छ फोटो पाठवा. तडा नसेल तर साज खुशाल चढवा. असेल, तर मूर्तीवर भार नको आणि यापुढे पाणीही नको. नुसते कोरडे वस्त्र फिरवायचे."

असे ते प्रकरण एका फोटोवर येऊन ठेपले.

तालुक्याच्या गावी एक वृद्ध छायाचित्रकार होते. लोक त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या हाताखाली हेमंत नावाचा तिशीतला शिष्य शिकत होता. हात चलाख, डोळा तयार, आणि स्वतःवरचा विश्वास गरजेपेक्षा थोडा जास्त. मास्तरांना त्या दिवसांत गुडघेदुखीने घरात बसवले होते, म्हणून श्रावणी पौर्णिमेला देवळात हेमंत एकटाच गेला. मूर्तीचे वस्त्र पूर्ण उतरते ते पौर्णिमेलाच, आणि तेही नवे नेसवीपर्यंत दहाबारा मिनिटे. कमरेपासून खाली तेव्हाही सोवळ्याचे फडके असतेच. त्या देवळाचा रिवाज असा की गाभाऱ्याचा उंबरा गुरवाखेरीज कुणी ओलांडायचा नाही. हेमंतने उंबऱ्याबाहेर उभे राहून कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवला आणि सहा फोटो काढले. फोटो लख्ख आले. तज्ज्ञांनी कळवले, तडा दिसत नाही.

विश्वस्तांच्या अध्यक्षांनी भैरूला बोलावून सगळ्यांदेखत सांगितले, "भैरू, वय झालं तुझं. आता नसतं काही पसरवू नकोस."

आठवड्याने भैरू स्टुडिओत आला. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला. "मास्तर, एक इचारू का? फोटूत न्हाई म्हंजी मूर्तीत न्हाई, असं असतंय व्हय?"

हेमंतला ते लागले. तो म्हणाला, "भैरूकाका, कॅमेरा खोटं बोलत नाही."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी भैरूला विचारले, "पुढची पौर्णिमा कधी?"

"भादव्याची. पंधरा दिसांनी घट बसत्यात."

"रेघ दिसली, तर पुढं काय ते तुला ठाऊक आहे ना?"

भैरूने हातातल्या टोपीची घडी घातली. मग म्हणाला, "ठाव हाय."

"मग येतो मी," मास्तर म्हणाले.

भाद्रपदातल्या पौर्णिमेची तयारी हेमंतने मन लावून केली. मास्तर स्वतः येणार म्हटल्यावर त्याने ठरवले की या वेळी फ्लॅश कॅमेऱ्यावर नको, वेगळा ठेवू. वायरलेस फ्लॅशची गंमत अशी की कॅमेऱ्यावर फक्त एक छोटा ट्रिगर बसतो. आपण बटण दाबले की तो लांबच्या फ्लॅशला हुकूम देतो, आणि मध्ये वायर लागत नाही. मात्र दोघांचा चॅनल एक हवा, सेल ताजे हवेत, आणि एकदा चमकल्यावर फ्लॅशला पुन्हा भरायला दोनतीन सेकंद द्यायला हवेत. हेमंतने स्टँड घेतला, फूटपट्टी घेतली, गाभाऱ्याचा नकाशा काढला आणि त्यावर फुली मारली. स्टँड इथे, मूर्तीपासून पाच फुटांवर, कोन पंचेचाळीस अंश. गुरवाने फक्त फुलीवर स्टँड ठेवायचा, बाकी सगळे आपण बघू.

मास्तरांनी नकाशा शांतपणे पाहिला, घडी घालून त्याच्याच खिशात ठेवला, आणि निघताना म्हणाले, "स्टँड इथंच राहू दे."

सकाळी आठच्या सुमारास ते देवळात पोहोचले. कॅमेऱ्याचा पट्टा चामड्याचा होता, तो दारातच काढावा लागला. मास्तरांनी खिशातून सुती नाडी काढून कॅमेऱ्याला बांधली. असल्या गोष्टी त्यांच्या खिशात असत. आत भैरूने स्नान उरकले होते. त्याने मूर्ती कोरडी पुसली आणि तांब्याचा कलश बाजूला ठेवला. वस्त्र उतरले. वेळ सुरू झाली.

मास्तरांनी फ्लॅश उंबऱ्यावरून आत भैरूच्या हातात दिला. हेमंतला वाटले, आता ते अंतर सांगतील, कोन सांगतील. मास्तर एवढेच म्हणाले, "भैरू, एका हातानं ती जागा चाचप. दुसऱ्या हातानं हे धर. बोटाला जिथं आडवं येतं, त्याच्या बाजूला, खांद्याला लागेल न लागेल असं."

हेमंतला राहवले नाही. "मास्तर, इतक्या जवळ आणि तेही एका कडेनं? अर्धी मूर्ती काळोखात जाईल. शिवाय त्यांना फ्लॅशमधलं काय कळतं?"

"तू फोकस कर," मास्तर म्हणाले. "बोलू नकोस."

हेमंतने बटण दाबले. फ्लॅश चमकला नाही. पुन्हा दाबले, नाही. अध्यक्ष मंडपातून घड्याळ बघू लागले. इतक्यात मंडपातल्या कुणीतरी मोबाइलचा फ्लॅश लावून मूर्तीचा फोटो काढला, आणि भैरूच्या हातातला फ्लॅश लख्खकन उजळला. मग दुसऱ्याने काढला, तेव्हाही. हेमंतने दाबले की मात्र तो गप्प.

हेमंतला मग आठवले. आदल्या आठवड्यात एका बारशाला त्याने हाच फ्लॅश दुसऱ्या रीतीवर लावला होता. त्या रीतीत तो समोर कुणाचाही उजेड दिसला की चमकतो आणि ट्रिगरचे ऐकत नाही. ते परत बदलायचे राहून गेले होते. मंडपातल्या प्रत्येक मोबाइलला तो प्रामाणिकपणे साथ देत होता, आणि मालकासाठी त्याच्यात काही उरत नव्हते. यावरही एक वेगळी कथा सांगता येईल, आणि ती आपल्यापैकी पुष्कळांना झोंबेल. पण आज ती नको.

मास्तरांनी फ्लॅश उंबऱ्यावर परत मागून घेतला. चष्मा कपाळावर सरकवून दोन बटणे दाबली, ट्रिगर आणि फ्लॅश दोघांनाही सात नंबरच्या चॅनलवर आणले, आणि तो पुन्हा भैरूच्या हाती दिला. ते हेमंतला म्हणाले, "फ्लॅश भरल्याचा लाल दिवा लागू दे. मग दाब."

चार मिनिटे उरली होती. भैरूने डोळे मिटले. डाव्या हाताची बोटे खांद्यावरून हळूहळू सरकली आणि एका जागी थांबली. उजव्या हातातला फ्लॅश त्याने त्या जागेच्या कडेला आणला, थोडा मागे नेला, पुन्हा पुढे आणला. मग बोटे काढून घेतली आणि हात तसाच धरून ठेवला. लाल दिवा लागला. हेमंतने बटण दाबले.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर अर्धी मूर्ती काळोखात होती. उरलेल्या अर्ध्या भागात, खांद्यापासून छातीकडे, एक बारीक काळी रेघ उतरत गेली होती. कुणी टाक ओढावा तशी स्पष्ट. हेमंतने ती मोठी करून पाहिली. मग आणखी मोठी केली.

त्याने कॅमेरा उंबऱ्यावरून भैरूपुढे धरला. भैरूने पडद्यावर बोट ठेवले. "हीच," तो म्हणाला.

अध्यक्ष पुढे आले. त्यांनी पाहिले, दोनदा पाहिले, आणि एकदम दहा वर्षांनी म्हातारे दिसू लागले. "साज थांबवावा लागेल," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. मग सगळ्यांदेखत भैरूला म्हणाले, "भैरू, चुकलं आमचं." हे म्हणायला त्यांना जड गेले असणार, पण त्यांनी म्हटले, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे.

हेमंतला मनापासून आनंद झाला. "भैरूकाका, खरे ठरलात तुम्ही."

"व्हय," भैरू म्हणाला. त्याने मूर्तीला नवे वस्त्र नेसवले. मग कलशात उरलेले पाणी बाहेर नेऊन तुळशीला घातले, कलश कोरडा पुसला आणि गाभाऱ्याच्या कोपऱ्यातल्या खुंटीला उलटा टांगला. त्यानंतर बराच वेळ तो त्या कलशाकडे पाठ करून उभा होता.

परतीच्या वाटेवर रिक्षात हेमंत तोच फोटो पुन्हा पुन्हा बघत होता. गाव मागे पडल्यावर तो म्हणाला, "मास्तर, तीच मूर्ती, तोच कॅमेरा, तोच फ्लॅश. मग मागच्या वेळी मी खोटा फोटो काढला का?"

मास्तर म्हणाले, "खोटा नाही. फ्लॅश कॅमेऱ्यावर बसवला की डोळा आणि उजेड एकाच जागी येतात. मग जे जे खोल आहे ते उजेडानं भरून निघतं, आणि सावली वस्तूच्या मागे जाऊन पडते. बघणाऱ्याला वाटतं, सगळं सपाट आहे, कुठं काही नाही. स्वतःच दिवा होऊन जो बघतो, त्याला सावली कधी दिसत नाही, आणि म्हणून त्याला आपल्या बघण्याची खात्री फार असते. उजेड डोळ्यापासून सोडवून लांब ठेवायचा, तो यासाठी. सावली आपल्याला दिसेल अशी पडावी म्हणून."

"ते कळलं," हेमंत म्हणाला. "पण स्टँड का नाही? भैरूकाकांच्याच हाती का?"

"नकाशावर फुली कुणी मारली होती?"

"मी."

"म्हणजे उजेड लांब गेला, पण होता तुझ्याच कपाळावर. तुला रेघ कुठं आहे ते ठाऊक नव्हतं, त्याला होतं." मास्तरांनी दुखरा गुडघा चोळला. "शिवाय ती दिसल्यानं ज्याचं सर्वांत जास्त जाणार, तो माणूस उजेड आपल्या सोयीनं धरत नाही. विश्वस्तांचा साज गेला, तो दुसऱ्या कुठल्या देवीला होईल. भैरूचं काय गेलं, ते तू पाहिलंस. खुंटीला टांगून आला तो."

हेमंतने तेव्हा पाहिले होते, पण त्याला ते आत्ता दिसले. रेघ खरी ठरली त्या क्षणी पाणी बंद झाले होते. चाळीस वर्षांचे रोजचे स्नान त्या एका फोटोने संपले होते, आणि फोटोला लागणारा उजेड भैरूने स्वतःच्या हाताने, न हलता धरला होता. "खरे ठरलात" हे आपण कशाला म्हणालो, असे त्याला वाटले, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

घटस्थापनेच्या दिवशी तो कॅमेरा न घेता देवळात गेला. साज नव्हता. देवी नेहमीच्या साध्या शालूत होती, आणि सकाळची पूजा चालू होती. भैरू कोरड्या फडक्याने मूर्तीचा हात पुसत होता. मधेच त्याचा उजवा हात सवयीने मागे कलशाच्या नेहमीच्या जागेकडे गेला, तिथे काही नव्हते, आणि तो तसाच परत आला.

पूजा आटोपून भैरू बाहेर आला तेव्हा हेमंत म्हणाला, "काका, त्या दिवशी स्टुडिओत मी तुम्हाला बोललो. कॅमेरा खोटं बोलत नाही म्हणालो. चुकलो."

भैरू मंडपाच्या पायरीवर त्याच्या शेजारी बसला. "न्हाई दादा, तुमचं काय चुकलं? तुमचा पयला फोटू आला न्हवं, रेघ न्हाई म्हणून, तवा अध्यक्षांनी मला समद्यांम्होरं बोल लावला. पर खरं सांगू? त्या दिशी मी घरी जाऊन गोड करून खाल्लं. म्हटलं, हातच चुकला आसंल माझा. बरं झालं." तो फडक्याची घडी घालत राहिला. "दुसऱ्या दिशी आंघोळीला हात घातला. रेघ तिथंच हुती. मग तुमच्याकडं आलो."

भैरूने फडके खांद्यावर टाकले आणि दुपारच्या नैवेद्याचे बघायला तो उठून आत गेला.