राहून गेलेली सोळावी गाठ

ऐक गे देवी, तुझीच कहाणी तुला सांगते. चुकलं तर पदरात घे. आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. कुठं होतं ते मला विचारू नका, मला ठाऊक नाही. तिथं एका घरी सासू होती, दोन सुना होत्या. थोरली सगुणा, धाकटी गिरजा. दोघींचे नवरे परमुलखी गेलेले.

घरात देवीचं व्रत होतं. सोळा गाठींचा दोरा हाती बांधायचा. पंधरा गाठी आधी घालून ठेवायच्या, सोळावी मनगटावर. ती बसली की दोरा सुटत नाही. गिरजा सगुणेला दोरा बांधीत होती. तोच चुलीवर दूध उतू चाललं. मग ती नुसता वेढा देऊन धावली. गाठ राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या दिवशी सगुणा कणीक मळीत होती. दोरा गळून पडला. सासू म्हणाली, "देवीनं हिला टाकली. आता ही आमची नव्हे." मग तिला घराबाहेर काढली. ती नदीपलीकडच्या पडक्या देवळात जाऊन राहिली. गिरजेला गाठ आठवली, पण तिनं तोंड उघडलं नाही. आपल्यालाही काढतील, ही भीती.

वर्ष गेलं. व्रताच्या दिवशी सकाळी दारी एक म्हातारी आली. गिरजा तांदूळ घेऊन गेली. म्हातारी म्हणाली, "तांदूळ नको, माझा निरोप पोचव. सांग, तू माझी आहेस. तुझं पान मांडलंय. घरी ये, मी पाठीशी आहे."

"कुणाला सांगू, आजी?"

"जिला बाहेर बसवलीय तिला." इतकं म्हणून ती दिसेनाशी झाली.

आता तुम्ही म्हणाल, यात कोडं कसलं? अगं, भ्यालेल्या माणसाला समोरचा रस्ता दिसत नाही. गिरजा शेजारच्या विधवेकडे गेली, निरोप सांगितला. ती रडली, तिनं वर्षभर बंद असलेली खिडकी उघडली. मग वेशीबाहेरच्या कुंभारणीला सांगितला. ती हसली. मग गोठ्याबाहेर बांधलेल्या भाकड गाईलासुद्धा सांगितला. गाईनं कान हलवले. पण निरोप काही गिरजेच्या उरावरून उतरेना. तिघींना सांगून झालं, मग हे जड कशाचं? तिला कळेना.

पान वाढायची वेळ आली, तेव्हा सगुणेचं पान तिच्या डोळ्यांपुढं आलं. मग ती उठली आणि नदीपलीकडे गेली. सगुणेला निरोप सांगितला.

सगुणा म्हणाली, "मला समजत नाही, गिरजे. ठेवायची होती तर देवीनं मला टाकली का?"

"तिनं नाही टाकलं, जाऊबाई. गाठ मी घातली नव्हती."

"आणि सबंध वर्ष गप्प राहिलीस?"

"सबंध वर्ष."

सगुणेनं पदर खोचला. मग उठली. एवढ्यात नदीला पाणी चढलं होतं. ती पुढं झाली, तर पाणी उतरून घोट्याशी आलं. देवी पाठीशी होती, दुसरं काय म्हणायचं.

सासू दारात आडवी उभी. जेवायला आलेल्या पाच सवाष्णींसमोर गिरजेनं गाठीचं सगळं सांगितलं. सासू गोंधळली. "मग वर्षभर देवी रागावली होती ती कुणावर?" मग ती बाजूला झाली. म्हणाली, "ये सगुणे, पाय धू."

सगुणेचं पान मांडलं. गिरजा मात्र बाहेर पायरीवर बसली. आपलं पान आता उठलं, असं तिनं धरलंच होतं. मग सगुणा उष्टं न करता पानावरून उठली, बाहेर आली. म्हणाली, "तू माझी आहेस. तुझं पान मांडलंय. आत ये."

"जाऊबाई, हे देवी म्हणते की तुम्ही?"

"मला नाही ठाऊक. हात पुढं कर." आणि तिनं गिरजेच्या मनगटावर दोरा बांधला, सोळावी गाठ दातांनी ओढून घट्ट केली.

जसं देवीनं त्या दोघींना घरात घेतलं, तसं तुम्हांआम्हांला घेवो, बाहेर बसलेल्या सगळ्यांना घेवो. आणि बायांनो, दूध उतू गेलं तर जाऊ द्या, आधी गाठ बसवा. साठ बोलांची कहाणी मी पाच बोलांत आणली. देवी ती सुफळ करो, संपूर्ण करो.