ज्वालामुखीच्या बेटावर भागुजी

एका गावात एक भोळा द्राक्षवाला होता. नाव भागुजी. बाग चांगली होती, माणूस त्याहून चांगला होता. त्याला जे सांगाल ते तो करायचा. अगदी तेच करायचा, तिथंच सगळं अडायचं.

एकदा घरी पाहुणे आले. बायको यमुना आतून म्हणाली, पाहुण्यांना पाणी विचारा. भागुजी ओट्यावर गेला, पाहुण्यांसमोर मांडी घालून बसला आणि विचारलं, "काय म्हणतंय पाणी तुमच्याकडं? बोअरला लागलं का?" पाहुण्यांनी आपल्या बोअरची सगळी कर्मकहाणी सांगितली आणि तहानलेलेच घरी गेले.

यमुनेचा भाऊ दशरथ हा गावातल्या द्राक्षवाल्यांचा पुढारी. त्या वर्षी गावातल्या सगळ्या बोअरी आटल्या होत्या. दशरथच्या कानावर आलं, की दूरदेशी समुद्रात ज्वालामुखीचं एक बेट आहे. तिथं नदी नाही, विहीर नाही, तरी राखेत द्राक्षं पिकतात आणि त्यांची वाईन होते. रोझालिया नावाच्या एका म्हातारीच्या वेली तर नुसत्या दवावर जगतात. दशरथनं ठरवलं, की मंडळी घेऊन जायचं, वेली बघायच्या आणि म्हातारी देईल तर त्यांच्या काड्या आणून गावात लावायच्या. काड्या आणायच्या परवानग्यासुद्धा त्यानं आधीच काढून ठेवल्या.

प्रश्न होता भागुजीचा. दशरथ बहिणीला म्हणाला, की दाजींना घरीच राहू दे. यमुना म्हणाली, ते येणार नसतील तर मीही येणार नाही. सांगितलेलं कधी मोडलंय का त्यांनी? दशरथ म्हणाला, तीच तर भीती आहे.

पण बहिणीपुढं कोणाचं चालतंय! दोघंही निघाली. निघताना यमुनेनं नवऱ्याला बजावलं, "परका मुलूख आहे. जाणती माणसं चार गोष्टी सांगतील, त्या नीट गाठीला बांधा. माझ्या भावापुढं मला खाली बघायला लावू नका."

भागुजीनं खांद्यावरच्या उपरण्याकडं बघितलं आणि मान डोलावली.

बेटावर जायचा दिवस सहलीचा शेवटचा दिवस होता. सकाळी बोटीनं जायचं, संध्याकाळी परतायचं आणि रात्री घरचं विमान. सहलीवर गाईड म्हणून वैजयंती मॅडम होत्या. त्यांना तिकडची भाषा येत होती. धक्का ओला होता, म्हणून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की पायाखाली बघून चाला.

भागुजी पायाखाली बघून चालू लागला. त्याला शेवाळ दिसलं, लोखंडी कड्या दिसल्या, फटीत बसलेला एक खेकडा दिसला. फक्त बोटीचा कप्तान दिसला नाही. कप्तान नीनो कॉफी पीत उभा होता. भागुजीचं डोकं त्याच्या पोटात बसलं आणि कॉफी कपासकट समुद्रात गेली. नीनो हातातल्या बशीकडं बघत राहिला.

मॅडमनी भागुजीला बाजूला घेतलं. गर्दीत असं चालत नाहीत काका, त्या म्हणाल्या. पुढच्या माणसाच्या पाठीकडं बघत चालायचं. पाठ सोडायची नाही.

भागुजीनं उपरण्याला गाठ मारली.

बेट आलं. तव्याच्या बुडासारखा काळाकुट्ट डोंगर, त्याच्या माथ्यावर मोठा खड्डा आणि खड्ड्यातून निघणारी वाफ. जमीन काळी, दगड काळे. मधेच एखादा दगड गंधकानं हळदीसारखा पिवळा झालेला. मंडळी तोंडात बोटं घालून बघत राहिली. भागुजीनं यातलं काही बघितलं नाही. तो पाठ बघत होता.

पाठ चांगली रुंद होती. तिच्यावर लाल सदरा होता. ती दुसऱ्याच कुठल्या तरी देशातल्या पाहुण्याची होती, पण त्या वेळी भागुजीच्या पुढं तीच होती. मंडळी उजवीकडं वळली. पाठ डावीकडं वळली, म्हणून भागुजीही डावीकडं वळला. पाठ चढ चढली, भागुजी चढ चढला. पाठ दगडावर बसून पाव खाऊ लागली, तेव्हा भागुजी मागं उभा राहिला. मग पाठ एका मोठ्या खडकाआड आडोशाला गेली. भागुजीही गेला. तेव्हा पाठ मागं वळली आणि तिच्या भाषेत बरंच काही बोलली.

तो आरडाओरडा पलीकडच्या वाटेवर ऐकू आला. यमुनेनं लांबूनच नवऱ्याची टोपी ओळखली. दशरथ धापा टाकत चढून गेला आणि त्यानं त्या पाहुण्याची हात जोडून माफी मागितली.

"दाजी," तो म्हणाला, "आपली माणसं दिसेनाशी झाली तर कोणाच्याही मागं जायचं नाही. जागचं हलायचं नाही. तिथंच उभं राहून मोठ्यानं हाक मारायची."

भागुजीला पटलं. त्यानं दुसरी गाठ मारली.

पुढं रोझालियाचं घर होतं. म्हातारी काटक, काळ्या लुगड्यासारखा झगा घातलेली. कप्तान नीनो तिचाच मुलगा. डोंगर पोखरून तिनं वाईनचं तळघर केलं होतं. आत गारवा होता आणि भिंतीला लागून लाकडी पिंपं ओळीनं आडवी निजवलेली होती. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, आत या.

भागुजी उन्हातून अंधारात आला. त्याला काहीच दिसेना. आपली माणसं तर मुळीच दिसेनात. मग तो जागचा हलला नाही. दारातच उभा राहिला. मागची मंडळी त्याच्या पाठीवर आदळली. भागुजीनं छाती भरून श्वास घेतला आणि बागेतली पाखरं उडवायच्या आवाजात हाक मारली, "यमुनेऽऽऽ!"

तळघरानं ती हाक घेतली आणि पुन्हा पुन्हा परत दिली. म्हातारी पिंपातून वाईन काढत होती. तिच्या हातून पेला सुटला. दशरथ दचकून उठला तो त्याचं डोकं छताला लागलं. यमुना भागुजीच्या शेजारीच होती. त्याचा कोपर तिच्या हातात होता.

म्हातारी शांतपणे काहीतरी बोलली. मॅडमनी अर्थ सांगितला, की इथं वाईन झोपलेली असते, तान्ह्या मुलासारखी. यमुना खजील झाली. बाहेर आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, की आजीबाईंच्या जागेत आहोत तोवर ओरडायचं नाही. काही सांगायचं असलं तर जवळ जाऊन हळूच कानात सांगायचं. आणि कोणी बोलत असेल तर त्याचं बोलणं आधी पुरं होऊ द्यायचं.

भागुजीनं तिसरी गाठ जरा मोठी मारली, कारण गोष्टी दोन होत्या.

मग म्हातारीनं बाग दाखवली. मांडव नव्हता, तारा नव्हत्या. काळ्या राखेत खड्डे आणि प्रत्येक खड्ड्यात एक वेल, टोपलीसारखी गोल वळवलेली. भोवती वाऱ्याला अडवायला दगडांचं अर्धगोल कडं. भागुजी सगळं विसरला. तो एका खड्ड्यापाशी गुडघ्यावर बसला आणि त्यानं राखेत हात घातला. वरची राख कोरडी होती, खालची ओली होती. रात्रीचं दव तिनं धरून ठेवलं होतं. भागुजीनं वेलीच्या बुंध्यावरून हात फिरवला, आपल्या घरच्या वेलींवरून फिरवायचा तसा. म्हातारी त्याच्याकडं बघत होती. तिनं मान डोलावली. यमुनेनं ते बघितलं आणि तिचा जीव थोडा खाली आला.

बागेच्या वर जमिनीला भेगा होत्या आणि भेगांतून वाफ येत होती. तिथं एका दगडावर उभं राहून दशरथ मंडळींना समजावून सांगू लागला, की राख पाणी कशी धरते आणि आपण गावात काय काय करायचं. भाषण रंगात आलं. दगड तापलेला होता. दशरथच्या बुटाखालून धूर निघू लागला.

तो सगळ्यात आधी भागुजीला दिसला. भागुजी ओरडला नाही. हळूच चालत दशरथच्या शेजारी जाऊन उभा राहिला. दशरथ बोलत होता, म्हणून भागुजी थांबला. दशरथनं राखेचं सांगून झाल्यावर ठिबक सिंचनाचं सुरू केलं. भागुजी थांबला. ठिबक संपलं तेव्हा तो दशरथच्या कानाला लागला आणि कुजबुजला, "मेव्हणे, तुमचा बूट जळतोय."

दशरथनं उडी मारली. त्याच्याबरोबर बुटाचा वरचा भाग आला, तळ दगडावरच राहिला. नीनोनं त्याला आपल्या रबरी सपाता आणून दिल्या. सपाता घालता घालता दशरथ म्हणाला, की दाजी, धूर दिसला की कानात सांगत बसायचं नसतं. हातात जे असेल ते आधी ओतायचं, मग बोलायचं. एक क्षण घालवायचा नाही.

भागुजीनं चौथी गाठ मारली. आता एवढं झाल्यावर पुढं काही चुकायचं नाही, असं त्याला मनापासून वाटलं.

दुपारी अंगणात जेवण होतं. म्हातारी खुशीत होती. तिनं दशरथला हव्या होत्या त्या काड्या कापून दिल्या. ओल्या गोणपाटात त्यांची मोळी बांधून नीनोच्या हाती बोटीवर पाठवूनसुद्धा दिली. दशरथचे डोळे भरून आले. ज्यासाठी एवढा समुद्र ओलांडला ते मिळालं होतं.

मग म्हातारी तळघरात गेली आणि मातीचा एक लहान कुंजा घेऊन आली. मॅडमनी सांगितलं, की नीनो जन्मला त्या वर्षीची ही वाईन आहे, त्याच्या लग्नासाठी ठेवलेली. नीनो काही लग्न करत नाही. पण आज इतक्या लांबून माणसं आली आहेत, तर प्रत्येकानं एक घोट घ्यावा. म्हातारीनं कुंजा आणून भागुजीच्याच हातात दिला. वेलीपाशी गुडघे टेकणारा तो एकटा होता. यमुनेची मान अभिमानानं वर झाली.

भागुजीनं कुंजा दोन्ही हातांनी धरला. तेवढ्यात अंगणाच्या कोपऱ्यात, बोटीवरून परतलेल्या नीनोनं निखाऱ्यांवर मासे ठेवले. माशांचं तेल खाली गळलं. भडका उडाला आणि धूर झाला.

भागुजी उठला. एक क्षण घालवला नाही. हातात जे होतं ते आधी ओतलं.

मग बोलला, "धूर निघत होता."

निखारे फसफसून विझले. म्हातारीनं कुंजा घेऊन उपडा केला. एक थेंब पडला. तो तिनं बोटावर घेतला, चाखला आणि हळूच काहीतरी बोलली. मॅडमनी अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, "आजी म्हणतात, आता नीनोच्या लग्नाला माशांना बोलवावं लागेल."

काड्या दिल्या त्या दिल्या, असंही म्हातारी म्हणाली. दशरथनं डोक्याला लावलेला हात मग कुठं खाली घेतला. पण यमुना काही बोलली नाही. तिनं ताट बाजूला सारलं आणि समुद्राकडं तोंड करून बसली. बायको रागावली तर भागुजीला चालायचं. ती गप्प झाली की त्याला घास उतरत नसे. तो तिच्याजवळ जाऊन बसला. त्यानं विचारलं, की मी आता काय करू, ते तूच सांग.

ती म्हणाली, "काही करू नका. आपलं आहे तेवढं घेऊन आपण निघावं. या बेटाचं जे आहे, ते या बेटावरच नीट राहू द्यावं."

भागुजीनं पाचवी गाठ मारली. दातांनी ओढून घट्ट केली. ही चुकवायची नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं.

संध्याकाळी मंडळी बोटीवर चढली. वाईन आणि ऊन दोन्ही चढलेली, त्यामुळं जो तो टेकेल तिथं पेंगू लागला. दशरथ पुढच्या टोकाला जाऊन मावळतीच्या उजेडातला डोंगर बघत बसला. भागुजी तेवढा जागा होता. त्यानं बोटीवर सगळीकडं नीट बघितलं.

आधी त्याला आपल्या वहाणा दिसल्या. त्यांना बेटाची राख लागली होती. त्यानं धक्क्यावर उतरून त्या झटकल्या. मग त्याला गोणपाटातली मोळी दिसली. ती त्यानं उचलली आणि धक्क्यावर सावलीत अलगद ठेवली. मग बोट बांधलेला दोर दिसला. दोर बेटाच्या कडीतून आला होता. म्हणजे तोही बेटाचाच. त्यानं दोर बोटीकडून सोडला, व्यवस्थित गुंडाळला आणि मोळीशेजारी ठेवला. बेटाची आणखी एक गोष्ट तर त्यानं दोर सोडायच्याही आधी, अगदी हाताला धरून, मोठ्या आदरानं उतरवून दिली होती. मग तो परत बोटीवर चढला.

डोंगरावरून वारा सुटला होता. बोट हलकेच धक्क्यापासून सरकली आणि डुलत डुलत समुद्राला लागली.

भागुजी यमुनेशेजारी बसला. म्हणाला, की जे ज्याचं होतं ते त्याला देऊन आलो. यमुनेला वाटलं, नवरा म्हातारीची माफी मागून आला. दिवसभरात पहिल्यांदा ती हसली. म्हणाली, बरं केलंत. भागुजीचा जीव भांड्यात पडला.

थोड्या वेळानं दशरथ सपाता फटफटवत मागं आला. त्यानं बाकांखाली वाकून बघितलं, पिशव्या हलवून बघितल्या.

"दाजी, इथं गोणपाटात काड्या होत्या."

"उतरवल्या," भागुजी म्हणाला. "बेटाच्या होत्या."

दशरथ मटकन खाली बसला. यमुनेनं पदर तोंडाला लावला. धक्का मागं पडला होता, पण अजून दिसत होता. दशरथनं स्वतःला सावरलं. म्हणाला, की अजून काही बिघडलेलं नाही. कोणीतरी पटकन जा आणि कप्तानाला सांगा, बोट मागं फिरव. उघड्यावर त्या काड्या कोणी उचलून नेल्या तर सगळा प्रवास पाण्यात जाईल.

भागुजीनं मेव्हण्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काळजी करू नका, मेव्हणे," तो म्हणाला. "काड्यांपाशी कप्तानालाच उभं करून आलोय."