वजीर जेवत नव्हता

फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते विचारू नका. सांगणारा दर वेळी दहा-वीस वर्षं वाढवतो. माणदेशात करंजओढा नावाचं गाव होतं आणि त्या गावात गोजराबाई नावाची सनगरीण राहायची. सनगर म्हणजे घोंगड्या विणणारी माणसं. धनगरांनी लोकर आणायची, सनगरांनी ती पिंजायची, कातायची, विणायची आणि वरून चिंचोक्याची खळ लावायची. गोजराबाईच्या हातच्या घोंगडीतून पाणी झिरपत नसे, असं म्हणतात.

ती या घरात आली ती तिशी उलटल्यावर. पहिला नवरा वारल्यावर दौलू सनगराने तिच्याशी पाट लावला होता. पाटाच्या बाईला तेव्हा कुणी वाजतगाजत आणत नसे. तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला नाही, पायावर पाणी घातलं नाही, उंबऱ्यावर माप ठेवलं नाही. ती आपली मागच्या दाराने आत आली आणि चुलीपुढे जाऊन बसली. त्याचं तिला फार वाईट वाटलं होतं, पण बोलून दाखवायची सोय नव्हती.

दौलूचा थोरला भाऊ अंतू. अंगण एकच, घरं समोरासमोर; पलीकडे अंतू आणि त्याची बायको, दोघंच. एकदा खळ करपली. कुणामुळे करपली यावरून दोघा भावांची जुंपली आणि अंतूने अंगणाच्या मधोमध दगडांची रांग लावून टाकली. नऊ वर्षं ती रांग कुणी ओलांडली नव्हती. एवढ्या वर्षांत खळ शेकडो वेळा शिजली, पण यांचा राग काही निवला नाही.

अशात एके दिवशी मायाप्पा धनगर दारात आला. दोन्ही भावांकडे पिढ्यान्‌पिढ्या त्याचीच लोकर यायची. आता त्याचे गुडघे गेले होते. मेंढरं पुतण्याच्या हवाली करून तो लेकीच्या गावी निघाला होता. लेकीकडे कुत्र्याला जागा नव्हती आणि पुतण्याची कुत्री याच्या कुत्र्याला जवळ येऊ देत नव्हती. कुत्र्याचं नाव वजीर. सात वर्षांचा, अंगाने थोराड, एक कान लांडग्याने फाडलेला.

“गोजरे, लई इमानी हाय,” मायाप्पा म्हणाला. “फकस्त सगळी आत आल्याबिगर त्यो तोंडाला काय लावत न्हाई. तेवढं ध्येनात ठेव.”

“ठेवते दादा. आजपासनं ह्यो माझ्या घरचा. उपाशी न्हाई ऱ्हायचा.”

मायाप्पा डोळे पुसत गेला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. वजीर मात्र तो टेकाडाआड जाईपर्यंत बघत राहिला.

मग गोजराबाईने काय करावं? तिने वजीरवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. चारी पायांवर पाणी घातलं. उंबऱ्यावर जोंधळ्याचं माप ठेवलं आणि म्हणाली, “या.” शेजारणी पदरात तोंड लपवून हसल्या. दौलू लाजून चूर झाला. “अगं, समदी बघत्यात,” तो म्हणाला. “बघू देत की,” ती म्हणाली. “मोठेपणी परक्याच्या दारात यायला काय लागतं, ते मला ठावं हाय.”

वजीरने माप सांडलं नाही. एकही दाणा न पाडता तो ते ओलांडून आत आला, असं म्हणतात.

आला खरा, पण जेवेना. पहिल्या दिवशी लोकांनी म्हटलं, नवीन जागा आहे. दुसऱ्या दिवशी म्हटलं, धन्याची आठवण काढतोय. गोजराबाईने ताकात कुस्करून भाकरी दिली, दूध दिलं, कुणाकडून तरी मटणाचा रस्सा मागून आणला. वजीर नुसता हुंगायचा आणि मान वळवायचा. दिवस कलला की तो दौलूभोवती एक फेरी मारायचा, घरातल्या दोघी लेकींभोवती मारायचा, गोजराबाईला नाक लावायचा आणि जाऊन दगडांच्या रांगेशी बसायचा. तोंड पलीकडे.

पलीकडे अंतूचं घर, आणि त्याच्यामागे मायाप्पा ज्या टेकाडाआड गेला ते टेकाड. सगळ्यांना वाटलं, हा टेकाडाकडे बघतोय, सोडला की पळणार. म्हणून त्याला दावं लावलं. दृष्ट काढली. एका शहाण्याने तर सांगितलं, भाकरतुकडा ओवाळला म्हणूनच बिघडलं, कुत्र्याला कुणी नवरी करतं का? ते गोजराबाईच्या मनाला फार लागलं. आपल्याच हौसेपायी हे जनावर मरणार, असं तिला वाटू लागलं. तिने शब्द दिला होता, आणि वजीरच्या बरगड्या आता मोजता येत होत्या. हे सात दिवस चाललं. कुणी एकवीस म्हणतात, पण एकवीस दिवस कुत्रं तग धरत नाही, आपण सातच धरू.

सातव्या दिवशी ऊन उतरताना गोजराबाई दारात बसून लोकर पिंजत होती. समोर अंतू घोंगडी झटकायला बाहेर आला, तसा वजीर उठून उभा राहिला. शेपटी हलली. अंतू आत गेला आणि वजीर मटकन खाली बसला. थोड्या वेळाने अंतू पुन्हा बाहेर आला. वजीर पुन्हा उठला.

गोजराबाईच्या हातातली लोकर तशीच राहिली. टेकाड कुठलं आणि काय! दोन्ही घरांत एकाच कळपाची लोकर, एकच वास. कुत्र्याच्या लेखी हा सगळा एक कळप होता आणि त्यातली दोन डोकी रोज बाहेर राहत होती. मायाप्पाने सांगितलं होतं तेच तो करत होता. नऊ वर्षं माणसांना जे दिसलं नाही, ते या मुक्या जनावराने पहिल्याच संध्याकाळी पाहिलं होतं.

तिने दावं सोडलं. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती, म्हणून ती पदर सावरून दगडांशी उभी राहिली आणि कुत्र्याशी बोलली.

“वजीर, भावजींस्नी सांग. तुमी आत आल्याबिगर ह्यो जेवत न्हाई. मरायला टेकलाय म्हनावं.”

अंतू तिथूनच गरजला, “कुत्र्यापायी मी त्याची पायरी चढू? मेलो तरी न्हाई!”

वजीर लटपटत उठला. दगड ओलांडून गेला, अंतूच्या धोतराचा सोगा दातांत धरला आणि मागे मागे सरत ओढू लागला. अंतू अंगाने भारी, वजीर नुसता हाडांचा सापळा. पण अंतूचे पाय जमिनीवरून घसरत आले आणि दगड आपोआप बाजूला झाले, असं म्हणतात. मला विचाराल तर दगड लाथेने उडाले असतील. अंतूने जोर लावला असता तर सुटला असता. त्याने लावला नाही.

दौलू दारात उभा होता. दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता उभे राहिले. “भाकर आन,” अंतू म्हणाला. त्याने भाकरी मोडून पुढे धरली. वजीरने ती हुंगली आणि मान वळवली. अंतूची बायको ठकूबाई अजून पलीकडे उंबऱ्यात उभी होती.

“ये की गं बाये,” गोजराबाई रडत म्हणाली. ठकूबाई पिठाचे हात तसेच घेऊन धावत आली. मग वजीर जेवला. अंतूच्या हातून सात भाकऱ्या खाल्ल्या, असं म्हणतात.

पुढे बारा गावांतून लोक गोजराबाईकडे यायला लागले. धनी वारलेली, घर सुटलेली मोठी मोठी कुत्री घेऊन यायचे. ती कुत्र्याजवळ बसायची आणि कुणाला बोलवायचं राहिलंय ते सांगायची. ती गेली त्या दिवशी बारा गावांची कुत्री न बोलावता वेशीवर येऊन बसली आणि एकही भुंकलं नाही, असं म्हणतात.

करंजओढ्यात आजही दुसऱ्या घरचं मोठं कुत्रं कुणाकडे आलं, की गोजराबाईचं नाव घेऊन भाकरतुकडा ओवाळतात. भावकीतल्या सगळ्यांना बोलावतात, रुसलेल्यांना आधी. आणि पहिली भाकरी मोडायची ती सगळ्यांत जास्त रुसलेल्या माणसाने. तो कोण, हे कुणी विचारत नाही. कुत्रं उपाशी असतं, भाकरी ताटात असते, सगळे भोवती उभे असतात. आणि थोड्या वेळाने तो आपणच पुढे येतो.