ठकूबाईचं विरजण

घुर्रर्र… घुम्म. घुर्रर्र… घुम्म.

धामणपठारावर पहाटे हा आवाज उठायचा. ताक घुसळणाऱ्या रवीचा. खाली दरीतल्या म्हाताऱ्यांनी तो लहानपणी ऐकलाय. आता पठारावर ताकाचे डेरे फारसे उरले नाहीत, तरी श्रावणात धुकं उतरलं की तो अजून ऐकू येतो, असं म्हणतात.

फार मागं, डोंगरात रस्ता नव्हता तेव्हा, त्या पठारावर गवळ्यांची वाडी होती. म्हशी हेच त्यांचं शेत. तूप खाली न्यायचं आणि नाचणी वर आणायची, त्यावर वाडी जगायची. त्यांचे पूर्वज दूरच्या मुलखातून आले, तेव्हा दह्यात भिजवून वाळवलेलं एक फडकं कमरेला बांधून आले होते. ते कोमट दुधात बुडवलं आणि दही लागलं. तेच विरजण पुढं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. ते राखायचा मान एका घराकडं होता. त्या घरची सून ठकूबाई. सासू जाताना एवढंच बोलली, "पोरी, हे जतन कर."

ते दही असं लागायचं, की मडकं पालथं केलं तरी पडायचं नाही. एकदा वाघ येऊन मडकं चाटून गेला आणि त्या साली त्यानं एकाही रेडकाला तोंड लावलं नाही, असं म्हणतात.

रोज दिवस मावळायच्या आत बायका वाटी घेऊन ठकूबाईच्या दारी यायच्या. दिवा लागल्यावर विरजण द्यायचं नाही, अशी रीत. आणि पठाराखाली तर कधीच द्यायचं नाही. विरजण गेलं की लक्ष्मी त्याच्या मागून जाते, असं सगळे मानायचे.

एकदा ऐन दिवेलागणीला दारात सगुणी येऊन उभी राहिली. ही वाडीचीच लेक. दरीतल्या एका कोळशेवाल्याबरोबर निघून गेली होती, म्हणून वाडीनं तिचं नाव टाकलं होतं. तिची पोर संग्रहणीनं वाळून काटकी झाली होती. पोटात काही ठरेना. वैदू म्हणाला होता, ताकावर ठेव.

"दारात शेळी आहे गं काकी," सगुणी म्हणाली. "दूधही आहे. चिंच घालून बघितली, तर नासलं. बोटभर दे."

आवाज ऐकून शेजारच्या घरातून ठकूबाईचे दीर, वाडीचे कारभारी बमाजी, बाहेर आले. "पायरी चढू नकोस," ते सगुणीला म्हणाले. मग वहिनीकडं वळले. "आणि तू ऐक. दही काय शेवग्याची फांदी आहे, तोडून दिली की तिकडं फुटायला?"

"फांदीच आहे, भावजी," ठकूबाई हळूच म्हणाली.

तिच्या मनात सासूचे हात आले. सासूनं आयुष्यभर काय केलं? रोज वाटलं, आणि उरलेलं चमचाभर नव्या दुधात घातलं. पूर्वजांच्या दह्यातलं आज मडक्यात काय होतं? थेंबही नाही. तरी दही पूर्वजांचंच होतं. तिनं पदराचा काठ फाडला, दह्यात बुचकळला आणि सगुणीच्या ओंजळीत ठेवला. सगुणी धावत उतरली. तिच्या हातून जिथं जिथं थेंब पडले, तिथं श्रावणात पांढरी फुलं उगवतात, असं म्हणतात.

वाडी खवळली. विरजणाचं मडकं बमाजींच्या घरी गेलं. "आता बघा जतन कसं करतात!" ते म्हणाले. त्यांनी मडक्यावर फडकं बांधलं, वर पाटा ठेवला. कुणी वाटी घेऊन आलं, की, "उद्या बघू." बायकांनी कालच्या उरल्यासुरल्यावर दिवस काढले.

मग म्हशींना लाळ-खुरकताचा रोग लागला. दूध आटलं. घरोघरची गाडगी कोरडी पडली. पुढं रोग ओसरला, म्हशी व्यायल्या, चरव्या भरल्या. बमाजींनी पाटा उचलला. आत हिरवी बुरशी आणि किडे. दूध विरजावं तर कशानं? ते नासायचं. दही नाही, लोणी नाही, तूप नाही. चुलीवर नाचणीची भाकरी दिसेना.

"वहिनी, तुझ्याकडं काही असेल तर बघ ना," बमाजी खाली मान घालून म्हणाले.

"मडकं आहे, भावजी." विरजणाचं मडकं गेल्यापासून ठकूबाई आपलं दुसरं मडकं रोज धुऊन, चुलीपाशी शेकून उबदार ठेवायची. रिकामंच. लोक तिला खुळी म्हणायचे.

वाडीचं दही गेल्याचं दरीत कळलं होतं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पायवाटेनं सगुणी वर आली. कमरेवर गाडगं, मागं तिची पोर, गालांनी गुबगुबीत. सगळी वाडी बाहेर आली. बमाजी ठकूबाईच्या पायरीवरून उतरून बाजूला झाले, वाट मोकळी केली. पण सगुणी पायरी चढली नाही. तिनं खालीच गाडगं ठेवलं. दही असं लागलेलं, की वर चंद्राएवढी साय. ठकूबाईनं पोरीच्या गालावरून हात फिरवला. बोलायला तोंड उघडलं, तोवर सगुणी वळली होती.

ते विरजण मग कधी एकाच घरात राहिलं नाही. ठकूबाई गेली तेव्हा पठारावरच्या सगळ्या म्हशींनी आपणहून पान्हा सोडला, असं म्हणतात.

आजही श्रावणात एका सोमवारी पठारावरची आणि दरीतली माणसं ठकूबाईची वाटी करतात. दिवा लागला, की प्रत्येक घरची बाई दह्याची वाटी घेऊन निघते. ती ज्या घराशी आपलं वर्षभर पटलं नाही, त्याच्या पायरीखाली ठेवते. आतून कुणी हाक मारतं, "कोण गं?"

ती वळते, पदर सावरते आणि चालू लागते.