सुतारकाका आणि ढोलीची भिंत

एका जंगलात एक म्हातारा सुतारपक्षी राहत असे. मनाने लोण्यासारखा मऊ, पण दुसऱ्याच्या घरात चोच घातल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. मुंग्यांनी रांग कशी लावावी, सुगरणीने खोपा कसा विणावा, सगळे तो शिकवी. कुणी विचारलेले नसे, एवढेच. सगळे त्याला प्रेमाने काका म्हणत, आणि तो येताना दिसला की हातातले काम लपवत.

त्याच जंगलातल्या एका ढोलीत धनेश पक्ष्याची मादी अंड्यांवर बसली होती. मुलांनो, धनेशांची रीत अशी, की मादी ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते आणि चोचीपुरती फट ठेवते. त्या फटीतून नर तिला उंबरे भरवतो. आत तिच्या पंखांची पिसे गळतात, तिला उडता येत नाही. तेव्हा ती भिंत हाच तिचा आधार.

एकदा नर उंबरे आणायला गेला आणि काका तिथे आले.

"अगं पोरी, तुला कुणी कोंडलं?"

"मीच लिंपलंय, काका. आत दोन अंडी आहेत."

"बिचारी. घाबरून असं बोलतेस. तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत मी, पण अशी भिंत नाही पाहिली."

"तुम्ही पाहिली नाही म्हणून ती चुकीची होत नाही. तिला चोच लावू नका."

"तू गप्प बस. मी आहे ना."

घटकाभरात भिंत खाली आली. तिच्यामागोमाग अंड्यांचा वासही खाली गेला, आणि बुंध्यावरून एक घोरपड सरसर वर चढू लागली. मादीने अंड्यांवर अंग पसरले. दुसरे काही तिच्या हाती नव्हते. पण काका पळाले नाहीत. ढोलीच्या तोंडाशी आडवे होऊन त्यांनी घोरपडीच्या नाकावर असे टोले हाणले, की ती धपकन खाली पडली आणि झुडपात पसार झाली.

"मी मदतच करत होतो गं," काका पुटपुटले.

"नको म्हटल्यावर केलीत. त्याला लुडबुड म्हणतात, काका."

काकांनी खाली पडलेल्या भिंतीच्या ढेकळांकडे पाहिले. मग म्हणाले, "आता मी काय करू?" जन्मात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला असे विचारले होते.

"भिंत लिंपून होईपर्यंत दारात राखण करा. आणि काही शिकवू नका."

काका दोन दिवस बसून राहिले. दोनदा बोलायला चोच उघडली, दोनदा मिटली.

पुढे पिल्ले मोठी झाली. मादीलाही नवी पिसे आली, पण या वेळी भिंत भलतीच जाड झाली होती. तिने आतून हाक मारली, "काका, आता टोका."

काका उडत आले. चोच उचलली आणि थांबले. "नक्की ना, पोरी?"

तात्पर्य : न विचारता केलेली मदत कितीही मायेची असली तरी ती लुडबुडच, चार पावसाळे जास्त पाहिलेल्यांनीही आधी विचारावे.