चारशे बारा जणांचं एक बीळ

“हे बीळ तू खोदलंस याला पुरावा काय?”

हेडसरांनी हे विचारलं तेव्हा मी त्याच बिळात कमरेपर्यंत उभा होतो. हेडसर म्हणजे गवा. एवढा मोठा की समोर येऊन उभा राहिला की दुपार संपल्यासारखं वाटतं.

“ही नखं बघा,” मी पंजे वर केले. “माती आहे अजून.”

“नखं सगळ्यांना असतात. सर्टिफिकेट आहे का?”

“खोदायला सर्टिफिकेट कशाला लागतं, सर?”

“खोदायला नाही लागत. खोदलंय असं म्हणायला लागतं.”

माझे काटे उभे राहायला लागले. साळिंदराचं हे असंच असतं, राग आला की लपवता येत नाही. मागं आई उभी होती, पोटाशी दोन पिल्लं, काटे अजून मऊ असलेली. टेकडीपलीकडं धूर दिसत होता. मला एवढंच पाहिजे होतं की ही तिघं आत जावीत.

“सर, आईला आत जाऊ द्या. मी बाहेर थांबतो.”

“अरे काट्या, इथं थोड्या वेळात मंत्रिसाहेब फीत कापणार आहेत. फितीमागं कुणी खरंच राहतंय असं दिसलं तर बरं दिसतं का ते?”

आता हे तुम्हाला असं मधूनच कळायचं नाही. पहिल्यापासून सांगतो.

एक जंगल होतं. म्हणजे अजून आहे, निम्मं. त्या जंगलात दर फाल्गुनात गवत पेटायचं. ज्याला बीळ तो आत जायचा, ज्याला पाय तो पळायचा, आणि ज्याला दोन्ही जमलं नाही तो नुसता मतदार यादीत राहायचा.

मग निवडणूक आली. बिबटेसाहेब खडकावर उभे राहिले आणि म्हणाले, “मी तुम्हाला बीळ देणार नाही.”

सगळ्यांचे कान पडले.

“मी तुम्हाला बीळ खोदायला शिकवणार.”

टाळ्याच टाळ्या. “प्रत्येक नखाला काम” अशी घोषणा झाली. हरणं म्हणाली, साहेब, आम्हाला तर खूर आहेत. निवडून आल्यावर साहेबांनी पहिला आदेश तोच काढला: या योजनेपुरतं खुराला नख समजण्यात यावं. हरणांनी मिरवणूक काढली.

तर आमच्या हायस्कुलात नववीपासून कौशल्य विभाग सुरू झाला. ट्रेड दोन. एक बीळ खोदकाम, दुसरा स्वागत व सत्कार. दुसऱ्याचं प्रॅक्टिकल रोज व्हायचं. सशांची अख्खी तुकडी तोंडात फुलं धरून गेटवर उभी असायची. कुणी आलं नाही तर एकमेकांचा सत्कार करायची.

खोदकामाला मास्तर आले ते वटवाघूळ. प्रचाराच्या वेळी ते साहेबांसाठी झाडोझाडी लटकले होते, तेवढा अनुभव पुरेसा धरला. सामान पण आलं. लोखंडी नखांची पेटी, प्रत्येकाला एक जोडी. ती हेडसरांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं. वापरली तर झिजतील, झिजली तर तपासणीला साहेब विचारतील. दर सोमवारी आम्हाला काचेतून नखं दाखवायचे.

मास्तर दिवसभर झोपायचे. शाळा सुटायच्या जरा आधी एक डोळा उघडायचे आणि छताला लटकूनच फळ्यावर आकृती काढायचे. त्यांना जे खाली ते आम्हाला वर. त्यामुळं आकृतीत खाली जमीन आणि तिथून बीळ निघून सरळ वर आभाळात गेलेलं. वर बाण काढून लिहिलेलं: खोली.

मी उठून म्हणलं, “मास्तर, बीळ खाली जातं.”

“कुणाच्या खाली?” मास्तर म्हणाले आणि झोपले.

माझ्या शेजारी टिकली बसायची. चितळाची पोर, अंगभर ठिपके, हुशार. तिनं ती आकृती रंगीत पेन्सिलींनी काढली, आभाळाला निळी छटा दिली. चाळीसपैकी चाळीस.

“अगं, तू बीळ कधी बघितलंयस का?” मी विचारलं.

“परीक्षेत ते विचारत नाहीत,” टिकली म्हणाली. “आणि तू जरा काटे मिटून बस. मागच्या पानाला भोक पडलं माझ्या.”

मला बाकावर बसवेना. एक दिवस थिअरीच्या तासाला मी मागच्या दारानं गेलो आणि शाळेच्या पाठीमागं उतारावर खोदायला सुरुवात केली. तीन दिवस खोदलं. आई जसं खोदते तसं. आधी तिरकं, मग वळण, मग वर उचललेली खोली, म्हणजे पाणी शिरत नाही आणि धूर पण वळणावरच अडतो. चौथ्या दिवशी हेडसरांनी पकडलं.

“थिअरी संपली नाही आणि तू प्रॅक्टिकल करतोस? बाकीच्या पोरांवर काय परिणाम होईल?”

“खोदायला शिकतील, सर.”

“उलट बोलतोस?”

बोललो. त्यात माझे काटे उभे राहिले आणि हेडसर रागानं वळले. नको त्या वेळी वळले. एक काटा त्यांच्या मागच्या बाजूला घुसला तो चांगला बोटभर. दाखल्यावर शेरा लिहिला, ‘वर्तन काटेरी’, आणि मी शाळेतून सुटलो. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

मग आली परीक्षा. बाहेरचे परीक्षक म्हणून करकोचासाहेब आले. पोरं दोनशे, आणि प्रत्येकानं खोदलेलं एक बीळ दाखवायचं. हेडसरांना अख्ख्या आवारात एकच बीळ सापडलं. माझं.

हेडसर हुशार गवा आहेत, हे मी रागात पण मान्य करतो. बिळाच्या तोंडाशी एका पोराला त्याच्या नावाची चिठ्ठी घेऊन उभं केलं. करकोचासाहेबांनी बीळ बघितलं, मार्क दिले. मग त्यांना बोलत बोलत वडाला एक फेरी मारून परत तिथंच आणलं. तोवर चिठ्ठी बदललेली, पोर बदललेलं. पुन्हा वड, पुन्हा बीळ. अशा दोनशे फेऱ्या. साठाव्या फेरीला करकोचासाहेब थांबले.

“ही सगळी बिळं एकसारखी कशी काय?”

“दर्जा एकसारखा ठेवलाय, साहेब,” हेडसर म्हणाले.

करकोचासाहेबांनी तसंच अहवालात लिहिलं. पुढच्या वर्षी दोनशे बारा पोरं बसली, ती पण त्याच बिळावर पास झाली. जाताना प्रत्येकजण आपली चिठ्ठी तिथंच चिकटवून जायचा. आता बिळाच्या तोंडाला चारशे बारा नावं आहेत. माझं नाही.

आणि मग नवा आदेश निघाला: सर्टिफिकेट नसलेल्याचं बीळ अनधिकृत. रानकुत्र्यांची टोळी आली आणि त्यांनी आमचं घर बुजवलं. आई जन्मभर खोदत आलीय. तिनं विचारलं, “आता मी काय करू?” टोळीचा म्होरक्या अदबीनं बोलला. “मावशी, नववीत नाव घाला.”

आईनं घातलं. पिल्लं पोटात होती तेव्हा ती पहिल्या बाकावर बसायची, मान वर करून फळा बघायची. तिला चाळीसपैकी नऊ मार्क पडले. वर जाणारं बीळ तिला काही केल्या काढता येईना.

घरी येऊन तिनं विचारलं, “काट्या, मला येतं असं वाटत होतं रे. चुकत होते का मी इतकी वर्षं?”

त्या दिवशी माझे काटे रात्रीपर्यंत खाली बसले नाहीत.

तर आज टेकडीपलीकडं धूर, आणि इकडं शाळेत मंडप. ‘बीळयुक्त जंगल’ सोहळा. चारशे बारा सर्टिफिकेटं म्हणजे चारशे बारा बिळं असा हिशोब करून सरकारनं जंगल बीळयुक्त झाल्याचं जाहीर केलं होतं. मी हेडसरांशी भांडत होतो ते या सोहळ्याच्या जरा आधी.

हेडसरांनी रानकुत्र्यांना बोलावून मला बिळातून बाहेर ओढलं. तेवढ्यात मंत्री आले. कौशल्यमंत्री तरस. त्यांचा चेहरा मुळातच हसरा, त्यामुळं ते शोकसभेला पण फार लोकप्रिय आहेत. सशांनी फुलं दिली. फुलांचा जरा करपल्यासारखा वास येत होता.

“बंधू आणि भगिनींनो,” मंत्री म्हणाले, “काही लोक विचारतात, बिळं कुठं आहेत? मी त्यांना विचारतो, तुम्ही बिळं बघायला गेलाच का? विश्वास नव्हता म्हणून ना?”

टाळ्या.

“काही लोक म्हणतात, धूर दिसतोय. मित्रांनो, धूर कुठं दिसतो? जिथं चूल पेटते तिथं. म्हणजे जंगलात आज घरोघरी चूल पेटलीय.”

अजून टाळ्या. मागच्या रांगेत एक भेकर खोकलं. रानकुत्र्यांनी त्याचं नाव लिहून घेतलं.

“साहेब, ठिणग्या पडतायत,” मी ओरडलो.

“कोण हा?” मंत्र्यांनी हेडसरांना विचारलं.

“नववी नापास,” हेडसर म्हणाले.

मंत्री हसले, म्हणजे तोंड होतं तसंच ठेवलं. “मग आपल्या शिकलेल्या मुलांनी याला दाखवून द्यावं. चला, सगळ्यांनी एकदम खोदून दाखवा.”

मंडपासमोर चारशे बारा जण रांगेत उभे राहिले. चितळं, सांबरं, भेकरं, दोन रानडुकरं. गळ्यात सर्टिफिकेटं. हेडसरांनी शिट्टी वाजवली. आणि सगळ्यांनी मागच्या पायांवर उभं राहून पुढचे पाय वर केले आणि आभाळ खोदायला सुरुवात केली. आकृतीत होतं अगदी तसं. टिकली सगळ्यात पुढं. तिची पद्धत खरंच सुंदर होती.

मंत्र्यांनी विचारलं, “किती खोल गेलं?”

टिकलीनं मान वर करून बघितलं. “साहेब, तळ दिसत नाही.”

“शाब्बास.”

तेव्हाच वारा फिरला. मंडपाचं कापड एका कोपऱ्यातून पेटलं. आता पुढचं सगळं एकदम झालं, पण मी बघत होतो म्हणून सांगतो. वटवाघूळमास्तर जागे झाले आणि सरळ वर उडून गेले. त्यांची आकृती त्यांच्यापुरती बरोबर होती. मंत्री फीत न कापताच फितीखालून बिळात शिरले. आणि त्यांच्यामागं हेडसर धावले. बीळ साळिंदराच्या मापाचं. हेडसर खांद्यापर्यंत आत गेले आणि बुचासारखे बसले. बाहेर राहिली ती त्यांची मागची बाजू. माझ्या काट्याची खूण अजून तिथं आहे.

आतून मंत्र्यांचा आवाज आला, “परिस्थिती नियंत्रणात आहे.”

बाहेर चारशे बारा जण एकमेकांना धडकत होते. कुणी अजून वरच खोदत होतं, जास्त जोरात. टिकली माझ्यापाशी आली. धापा टाकत होती.

“काट्या, खोद ना रे.”

“माझ्याकडं सर्टिफिकेट नाही. अनधिकृत होईल.”

“आता टोमणे मारणार आहेस का?”

“मारणार होतो. दोन वर्षं जपून ठेवलेत.”

तिनं गळ्यातलं सर्टिफिकेट काढलं आणि माझ्या काट्यांत अडकवलं. प्रथम श्रेणी, विशेष प्रावीण्य. चार ठिकाणी फाटलं. “हे घे. आणि मला सांग, मी काय करू? खाली म्हणजे नक्की कुठं?”

मला हसू आलं नाही. मी तिचा पुढचा खूर धरला आणि मातीवर टेकवला. “इथं. तू ओढ, मी फोडतो. आधी तिरकं.”

आणि बघतो तर आईनं आधीच सुरुवात केलेली. ओढ्याकडच्या उतारावर, पिल्लं एका दगडाआड ठेवून. तिनं कुणाला विचारलं नव्हतं. मातीचा फवारा मागं उडत होता, आणि तिच्यामागं सहा ससे फुलं टाकून माती ढकलत होते. स्वागत व सत्कारवाले. शिकायला त्यांना थोडाच वेळ लागला. त्यांना कुणी आकृती दाखवलीच नव्हती.

पिल्लं आत गेली. आमची दोन, मग सशांची, मग भेकराचं एक. आईच्या नऊ मार्कांत सध्या एकवीस पिल्लं बसलीत.

मग वारा ओढ्यापलीकडं गेला, म्हणून तुम्हाला एवढं सांगता आलं. टिकली आणि मी तिसऱ्या बिळाच्या वळणापर्यंत आलोय. तिचे खूर सोललेत, पण ती आता मला शिकवते. म्हणते, तुझं वळण जरा उथळ आहे.

मघाशी रानकुत्रे येऊन दवंडी पिटून गेले. मंत्रिसाहेबांनी आतून निवेदन काढलंय. हेडसरांच्या बाजूनं थोडी फट राहिलीय, तिथून कागद बाहेर येतात. निवेदन असं: वणव्याच्या काळात शंभर टक्के प्राणी बिळात सुरक्षित आहेत. बिळाबाहेर एकही प्राणी नाही. बाहेर कुणी आढळल्यास, आपण याच जंगलातले आहोत याचा त्यानं पुरावा आणावा.

पुरावा जमा करायची खिडकी बिळाच्या आत आहे.

वारा परत फिरतोय. आई हाक मारतेय. मला निघायला पाहिजे आता.